तेल पिणारा कापूस

त्या वर्षी शिंगाड्यांना रॉकेलचा वास यायला लागला.

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये दिवाळीच्या आगेमागे शिंगाडेवाली यायची. डोक्यावर टोपली, टोपलीवर ओलं पोतं, आणि आवाज असा खणखणीत की मागच्या गल्लीतल्या बायकाही हातातलं काम टाकून फाटकाशी यायच्या. कारखान्याच्या मागे, टाउनशिपची भिंत संपते तिथे एक तलाव होता. तिचं कुटुंब त्या तलावात शिंगाड्याचे वेल लावायचं. मी मूळची सांगलीची. लग्न होऊन इथे येईपर्यंत शिंगाडा म्हणजे उपासाचं पीठ, एवढंच मला ठाऊक. ओला, हिरवा, काटे असलेला शिंगाडा कुठे धरायचा आणि कुठून सोलायचा हे तिनेच मला आमच्या पायरीवर बसून शिकवलं. माझ्याच वयाची असेल. ती मला बहनजी म्हणायची.

तर त्या वर्षी तिच्याकडून घेतलेले शिंगाडे मी उकडले, आणि नवऱ्याने पहिलाच तोंडातून काढून ताटात ठेवला.

"अगं, हे कशात उकडलंस? स्टोव्हच्या टाकीत?"

दुसऱ्या दिवशी मी तिला फाटकातच गाठलं आणि चार बायकांसमोर बोलले. ती भांडेल असं वाटलं होतं. भांडली नाही. टोपली खाली ठेवून म्हणाली, "हमसे क्या कहती हो, बहनजी. तुम्हारे कारखाने से आता है."

'तुम्हारे' या शब्दावर तिने मुद्दाम जोर दिला नव्हता. पण मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते, नवरा ड्रॉइंग ऑफिसात होता, आणि आमच्या डोक्यावरचं छप्पर, नळाचं पाणी, मुलीची शाळा सगळं कारखान्याचंच होतं. पुढच्या रविवारी मी तिच्याबरोबर तलाव बघायला गेले.

तिचा नवरा पाण्यात होता. दोन मडकी बांबूला बांधून त्यावर बसून वेल उलटे करकरून शिंगाडे तोडत होता. ती साडीचा ओचा खोचून कंबरेपर्यंत उतरली, एक वेल ओढून माझ्यासाठी बाहेर घेऊन आली. तिच्या पोटावर, पाणी जिथपर्यंत लागलं होतं तिथे, काळी रेघ उमटली होती. वेलाची पानं वरून हिरवी आणि खालून चिकट. ती म्हणाली, "पहले बरसात में बह जाता था. अब नहीं बहता. अगले साल हम दूसरे तालाब पे जाएँगे."

खरं सांगायचं तर मला हे माहीत होतं. आमच्या कारखान्यात मोठमोठी विजेची यंत्रं बनायची आणि त्यांच्यात तेल भरायचं असे. शिवाय लेथवर सांडणारं तेल वेगळं. हे सगळं धुतलेलं पाणी नाल्यात जाण्याआधी एका टाकीत थांबायचं. टाकीवर एक पट्टा फिरायचा आणि वर आलेलं तेल निपटून काढायचा. तो पट्टा तुटला होता, आणि नव्या पट्ट्याची मागणी दोन वर्षं फायलीत फिरत होती. नाल्याच्या पाण्याची बाटली दर महिन्याला माझ्याच टेबलावर यायची. मी तेलाचा आकडा काढून लिहायचे, खाली सही करायचे, आणि कागद वर जायचा. वर गेलेला कागद कधी खाली आला नाही. माझं काम आकडा काढायचं, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. आकड्याच्या दुसऱ्या टोकाला कोणी कंबरभर पाण्यात उभं असेल हे मी मनात येऊ दिलं नव्हतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला तो कापूस सापडला.

टाउनशिपच्या रस्त्यांवर काटेसावरीची झाडं होती. इथले लोक सेमल म्हणतात. वैशाखात त्यांची बोंडं फुटली की सगळीकडे पांढरा कापूस उडायचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर, कुरडयांवर, कुलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर. बायका वैतागायच्या. एका संध्याकाळी मी नाल्याच्या पुलावरून घरी येत होते. पाण्यावर ठिकठिकाणी हा कापूस पडला होता आणि लव्हाळ्याला अडकून राहिला होता. पडून दिवस झाले असावेत, पण एकही पुंजका बुडाला नव्हता. सगळे तपकिरी झाले होते आणि त्यांच्या भोवतालचं हातभर पाणी स्वच्छ दिसत होतं. मी खाली उतरले, एक पुंजका उचलून पिळला. बोटांतून तेल गळलं. पाण्याचा थेंब नाही.

पिळलेला पुंजका पुन्हा पाण्यावर टाकला. तो तरंगला आणि पुन्हा तेल प्यायला लागला.

मी तो रुमालात बांधून प्रयोगशाळेत नेला. पुढचे पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत मी दुसरं काही केलं नाही. बीकरमध्ये पाणी, पाण्यावर यंत्रातलं तेल, आणि त्यावर एकेक वस्तू. खोक्यांच्या सुतारकामाचा भुस्सा तेल घ्यायचा, पण पाणीही घ्यायचा आणि खाली बसायचा. गव्हाचं भूस तसंच. काथ्या बरा, पण थोडंच घ्यायचा. दवाखान्यातला पांढरा कापूस तर आधी पाणीच प्यायचा. सावरीच्या कापसाला मात्र पाण्याचं वावडं होतं. त्याच्या तंतूंना मुळातच मेणासारखा लेप असतो आणि तंतू आतून पोकळ असतात. त्या पोकळीत तेल भरतं, पाणी बाहेर राहतं. आणि तो फुकट होता, रस्त्यावर पडलेला होता, लोक शिव्या देऊन झाडून टाकत होते.

प्रयोगशाळेचे मुख्य साहेब पुण्याचे. टाउनशिपच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. गणपतीत धोतर नेसून आरती म्हणायचे तेव्हा आवाज खरोखर चांगला लागायचा. माझ्याशी ते मराठी बोलत, पण फक्त केबिनचं दार बंद असताना. मी त्यांना बीकर दाखवला.

"कापसाने तेल पुसणार?" ते हसले. "अहो बाई, हा कारखाना आहे, तुमचं स्वयंपाकघर नव्हे."

मी बीकर उचलून परत आले.

मग काही आठवड्यांतच वारं फिरलं. गॅसकांडानंतरची ती वर्षं. भोपाळमधल्या कुठल्याही कारखान्याला तपासणी म्हटलं की घाम फुटायचा. आमच्याकडेही नाल्याचं पाणी बघायला माणसं येणार असं पत्र आलं, आणि साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. "ते तुमचं सावरीचं काय होतं हो? नाल्यावर करून बघता येईल?"

मला एवढा आनंद झाला की स्वयंपाकघराचं बोलणं मी त्याच क्षणी विसरले.

कापूस गोळा करायला मी शिंगाडेवालीलाच बोलावलं. ती, तिचा नवरा आणि तिच्या दोन जावा असे चौघे रोजंदारीवर लागले. झाडांवर उरलेली, न फुटलेली बोंडं लांब बांबूला आकडी लावून पाडायची, उन्हात फुटू द्यायची, काळ्या बिया झटकायच्या. कापूस नाकातोंडात जायचा म्हणून बायका ओला पदर तोंडाला बांधून बसायच्या. मी जवाहर चौकातून मच्छरदाणीचं कापड आणलं. आम्ही त्याचे लांब लोड शिवले, बैठकीवर टेकायला असतात तसे, पण दोन-दोन माणसांच्या लांबीचे. त्यात कापूस भरला, ठासून नाही, हलका. दोरखंडाने ते नाल्यावर आडवे बांधले, एकामागे एक तीन. पिळायला कारखान्याच्या दवाखान्याच्या धुलाईघरातलं, चादरी पिळायचं जुनं यंत्र मिळालं. दोन रबरी रूळ आणि एक दांडा. सकाळ-संध्याकाळ लोड काढायचे, रुळांतून फिरवायचे, तेल पिंपात, लोड परत पाण्यावर.

चौथ्या दिवशी शिंगाडेवाली माझा हात धरून मला तिसऱ्या लोडाच्या खाली घेऊन गेली. ओंजळीत पाणी घेऊन तिने वास घेतला आणि माझ्या नाकासमोर धरलं. पाण्याला गवताचा वास होता. ती बराच वेळ हसत होती. तिची एक जाऊ म्हणाली, "बहनजी ने तो जादू कर दिया." मला ते खरं वाटलं. घरी येऊन मी नवऱ्याला सगळं दोनदा सांगितलं.

वेल लावायचे दिवस जवळ आले. दुसऱ्या तलावाचं बोलणं त्यांचं पक्कं होत आलं होतं. लोड पिळताना मध्येच थांबून तिने मला विचारलं, "बहनजी, तुम पढ़ी-लिखी हो. इसी तालाब में लगा दें?"

मी क्षणभरही विचार केला नाही. "लगा दो," म्हटलं. "अब पानी साफ रहेगा."

त्यांनी दुसरा तलाव सोडून दिला.

तपासणीच्या सकाळी साहेब नाल्यावर लवकर हजर होते. तीन लोडांच्या जागी सहा, सगळे कोरे. यंत्रशाळेची मोरी आदल्या संध्याकाळपासूनच बंद ठेवायला सांगितली होती. तुळशीनगरकडच्या कुठल्या कचेरीतून आलेले दोघे तपासनीस छत्री धरून उभे राहिले, लोड बघून त्यांना कौतुक वाटलं. नमुन्याची बाटली सहाव्या लोडाच्या अगदी खाली बुडवून मीच भरली. तेल जवळजवळ नव्हतंच. आकडा मी दोनदा काढला, दोन्ही वेळा तोच आला.

दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. चहा आणि मारी बिस्किटं मागवली.

"बसा हो. हे सगळं तुमचं श्रेय आहे, मी वर तसं सांगणारच आहे." टाइप केलेला अहवाल त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "इथे सही."

मी वाचला. आकडे माझेच होते. पण नमुना कुठे घेतला या रकान्यात लिहिलं होतं, नाला तलावाला मिळतो ते ठिकाण. ते ठिकाण आमच्या लोडांपासून बरंच खाली होतं, आणि मधे टाउनशिपच्या गॅरेजचं गटार नाल्याला मिळत होतं.

"साहेब, नमुना तिथला नाही."

"पाणी तेच ना?"

"मधे गॅरेजचं गटार आहे. आणि मोरी कालपासून बंद होती."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर कदाचित मी सही केली नसती. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि थोरल्या भावाने समजूत घालावी तसं बोलले. "हे बघा, आपण घरचे आहोत म्हणून सांगतो. हा कागद स्वच्छ गेला तर वरचे लोक खूश होतील. खूश असताना मी पट्ट्याची फाइल त्यांच्यापुढे ठेवीन. महिनाभरात टाकी चालू. तुम्हाला टाकी चालू व्हायला हवी आहे ना? का एका रकान्यासाठी सगळंच अडवायचंय?"

मी सही केली. पेन त्यांचं होतं. बिस्किटही खाल्लं.

महिन्याभरात झालं ते असं. पट्ट्याची मागणी नामंजूर झाली. शेरा होता की नाल्याचं पाणी स्वच्छ असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल उपलब्ध आहे, सबब खर्चाची गरज दिसत नाही. चौघांची रोजंदारी बंद झाली, कारण काम तपासणीपुरतंच मंजूर होतं. पिळायचं यंत्र धुवून, हिरवा रंग देऊन प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात पाहुण्यांना दाखवायला ठेवलं गेलं. नाल्यावरचे सहा लोड मात्र तसेच राहिले. ते काढायचा हुकूम कोणी दिला नव्हता.

मी साहेबांकडे तीनदा गेले. पहिल्यांदा ते म्हणाले बघू. दुसऱ्यांदा म्हणाले लोड आहेत ना अजून. तिसऱ्यांदा ते मीटिंगमध्ये होते, आणि मी परत फिरले.

लोकांना वाटतं तेल शोषणारी वस्तू टाकली की काम झालं. तसं नाही. ती भरते. भरली की ती नुसती तेलाची पिशवी असते, आणि ज्या पाण्यातून तिने ते घेतलं त्याच पाण्यावर लोंबकळत असते. हे मला माहीत होतं, माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. एका रविवारी मी आणि नवरा लोड ओढायला गेलो. दोघांनी मिळून एक लोड कसाबसा काठापर्यंत आणला. तो मेलेल्या जनावरासारखा जड होता. नवऱ्याची पँट गुडघ्यापर्यंत तेलाने माखली. वर ओढायला जोर लावला तर मच्छरदाणीचं कापड टरकायला लागलं. फाटला तर सगळं पाण्यात जाईल म्हणून आम्ही तो परत सोडला आणि घरी आलो. शिंगाडेवाली आणि तिचा नवरा काही दिवस मजुरी न घेता येऊन हाताने पिळत राहिले. मग वेल लावायची घाई आली आणि त्यांचंही येणं थांबलं.

श्रावणात पाऊस तीन दिवस थांबला नाही. नाला पुलाला टेकला. चौथ्या दिवशी उघडीप झाली तेव्हा मी पुलावरून पाहिलं. दोरखंडाचं एक टोक झाडाला होतं आणि दुसऱ्याला काही नव्हतं. तलावाकडे जायचा मला धीर झाला नाही. मी कामावर गेले.

दोन दिवसांनी सकाळी, आम्ही ऑफिसला निघायच्या गडबडीत असताना फाटक वाजलं. ती होती. डोक्यावर तीच टोपली. टोपली तिने आमच्या पायरीवर उपडी केली. काळा, चिकट कापूस, त्यात गुंतलेली शिंगाड्याची पानं, मुळं, मच्छरदाणीच्या चिंध्या. तेल पायरीवरून खाली ओघळायला लागलं.

"ये लो, बहनजी. तुम्हारी रुई."

मी म्हटलं, "सुनो, मैं साहब से बात करूँगी."

"सारे पत्ते सड़ गए. एक-एक बेल पे चिपकी है. हाथ से छुड़ाते हैं तो पत्ता साथ आता है." तिचा आवाज चढला नव्हता. शेजारच्या क्वार्टरातल्या बाई खिडकीतून बघत होत्या आणि मला, त्या क्षणीही, त्या बघताहेत याचंच वाईट वाटलं.

नवरा बाहेर आला. हिंदीत म्हणाला, यात हिची काय चूक, साहेबांनी काम बंद केलं, त्यांना जाऊन विचारा.

ती त्याच्याकडे न बघता माझ्याशीच बोलली. "साहब ने तो हमसे कभी कुछ कहा ही नहीं. कहा तुमने था."

रिकामी टोपली काखोटीला मारून ती गेली. मी तो कापूस राखेने आणि खराट्याने गोळा केला. पायरीवरचा डाग धुण्याच्या सोड्यानेही गेला नाही, तेलाचे डाग फरशीत शिरतात.

महिन्याभराने मी साहेबांच्या केबिनमध्ये परवानगी न घेता शिरले. दार मीच लावलं. तलावातल्या लोकांनी नुकसानीचा अर्ज केला आहे, त्यांच्या बाजूने मला लिहून द्यायचं आहे, असं सांगितलं.

"काय लिहून देणार?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"की नमुना तलावाच्या तोंडाशी घेतलेला नव्हता."

"मग सही का केलीत?"

ते खुर्चीत मागे रेलले. "त्यांच्या अर्जाला उत्तर गेलंय, बाई. तुमचाच अहवाल जोडून गेलंय. तलावात जाणारं पाणी स्वच्छ आहे असं प्रयोगशाळेच्या केमिस्टने प्रमाणित केलंय. आता तुम्ही म्हणणार की मी खोटं प्रमाणित केलं. म्हणा. चौकशी तुमची होईल. तुमच्या मिस्टरांचं प्रमोशनही याच वर्षी आहे ना?"

हे सगळं त्यांनी शुद्ध, नेटक्या मराठीत सांगितलं.

मी पत्र लिहिलं. लिहून ते अकरा दिवस कपाटात साड्यांखाली ठेवलं. नवऱ्याला वाचायला दिलं तेव्हा तो म्हणाला, "तुझं अगदी बरोबर आहे. पण आता लिहून तिचे वेल परत येणार आहेत का?" मी त्याच्यावर भयंकर चिडले, दोन दिवस बोलले नाही. आज विचार करते तेव्हा कळतं की मी चिडले, कारण त्याने माझ्याच मनातलं बोलून दाखवलं होतं. बाराव्या दिवशी मी पत्र थेट मोठ्या ऑफिसात नेऊन दिलं. आठवड्याने ते परत आलं. योग्य मार्गाने पाठवावे असा शेरा होता. योग्य मार्ग म्हणजे साहेबांच्या हातून. मी ते त्यांच्या हातात दिलं, त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि म्हणाले, "पाठवतो."

पुढच्या महिन्यात माझी बदली भांडारात झाली. आलेल्या रंगाचे डबे उघडायचे, रंग कार्डाशी जुळतो का बघायचं, शिक्का मारायचा. मी सतरा वर्षं ते केलं. नवऱ्याचं प्रमोशन झालं.

त्या हिवाळ्यात टाउनशिपच्या सभागृहात सूचना-योजनेची बक्षिसं वाटली गेली. स्थानिक, स्वस्त, टाकाऊ वस्तू वापरून पाण्यातलं तेल काढायच्या पद्धतीला पहिलं बक्षीस होतं. साहेब स्टेजवर गेले. पडद्यावर स्लाइड दाखवल्या. एका स्लाइडमध्ये नाला होता, सहा कोरे पांढरे लोड, आणि कोपऱ्यात, तोंडाला पदर बांधलेली, वाकून लोड ओढणारी शिंगाडेवाली. साहेबांनी काठीने लोड दाखवले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. शेवटी प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे आभार मानले. टाळ्या झाल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि मीही वाजवल्या. सगळे वाजवत असताना हात मांडीवर ठेवून बसायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं.

पुढच्या वर्षी तिने वेल लावले नाहीत. दुसरा तलाव तोवर दुसऱ्यांनी घेतला होता. तिचा नवरा मिसरोदकडे बांधकामावर जायला लागला. आयुष्यभर पाण्यात राहिलेला माणूस, दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला आणि त्याचा पाय कायमचा गेला. ती आमच्याच रांगेत चार घरी भांडी घासायला यायला लागली. शेजारच्या बाईंकडून मी निरोप पाठवला की माझ्याकडेही काम आहे. बाईंनी येऊन सांगितलं, "नाही म्हणाली हो. कारण विचारलं तर भांडी घासत राहिली." सकाळी फाटकाशी आमची गाठ पडायची तेव्हा ती मान फिरवत नसे. सरळ बघायची, रस्त्याकडे बघावं तशी, आणि पुढे जायची. असं सहा-सात वर्षं चाललं. मग ती माणसं कुठे गेली मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

टाकीचा पट्टा शेवटी बसला, परदेशी ग्राहकाला कसलंसं प्रमाणपत्र हवं होतं म्हणून. तोवर तलावाचा अर्धा भाग मलब्याने भरला होता. राहिलेल्या अर्ध्यात जलपर्णी.

आम्ही आता मिसरोदला फ्लॅटमध्ये राहतो. मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर माझ्याकडे आला. आमची मुलगी त्याला म्हणाली होती की आईने असलं काही काम केलंय. चांगला मुलगा आहे, नम्र. त्याला सावरीच्या कापसाच्या पट्ट्या करून नद्यांसाठी विकायच्या होत्या. मी त्याला जुनी वही दिली. भुस्सा का नको, काथ्या किती घेतो, लोड किती सैल भरायचा, सगळं सांगितलं. सांगताना मला जुना आनंदही झाला, तो लपवता आला नाही.

मग मी विचारलं, "भरलेली पट्टी रोज काढणार कोण? आणि ती पिळून निघालेलं तेल ठेवणार कुठे?"

"ते मॅनेज होईल, काकू. लोकल लोकांना ट्रेन करू."

"आणि एक दिवस त्यांना कामावर येऊ नका म्हटलं तर?"

त्याला प्रश्न कळला नाही. तो वहीची पानं मोबाइलवर टिपत होता. मग मी त्याला नाला, सही, श्रावणातला पूर सगळं सांगितलं. सही का केली तेही सांगितलं, म्हणजे जेवढं मला कळलंय तेवढं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "पण काकू, टेक्नॉलॉजी तर वर्क झाली ना?"

हो, म्हटलं. ती झाली.